दुखवट्याचे उत्तर

गेल्या वर्षी ऐन परीक्षेच्या तोंडावर माझ्या आत्याचे यजमान वारले. आत्या आमच्याच मागच्या गल्लीत राहते आणि सोलापुरातल्या एका प्राथमिक शाळेत शिक्षिका आहे. दिवसकार्य आटोपले, पाहुणेरावळे आपापल्या गावी परतले आणि मागे उरली ती पत्रे. हल्ली पत्रे कोण लिहितो, असे कोणी म्हणेल. पण काकांचा सारा गोतावळा जुन्या माणसांचा. मंगळवेढा, अक्कलकोट, बार्शी, पार विजापूर-गुलबर्ग्याकडून पोस्टकार्डे आली होती. फोनवर आलेले निरोप वेगळेच. या सर्वांना आभाराचे उत्तर लिहिण्याचे काम वडिलांनी माझ्यावर सोपवले. कारण काय, तर घरात मराठी विषय घेऊन बी. ए. करणारी मी एकटीच!

असा मजकूर कसा असतो हे आपणां सर्वांना ठाऊक आहे. दुःखात सहभागी होऊन धीर दिल्याबद्दल ऋणी आहोत, प्रत्येकास स्वतंत्र लिहिणे शक्य नसल्याने हेच व्यक्तिशः मानावे, आणि शेवटी शोकाकुल म्हणून कुटुंबीयांची नावे. मी तो सुवाच्य अक्षरात लिहून आत्यापुढे ठेवला. तिने वाचला, शोकाकुल हा शब्द पेनाने खोडला, त्याच्या जागी दुसरे काही लिहिले नाही आणि कागद मला परत दिला. पुढच्या सोमवारी ती शाळेत गेली. साडी साधी होती, डबा घेतलेला होता आणि कपाळावर तिची नेहमीची टिकली होती.

गल्लीत कुजबुज झाली. निदान महिनाभर तरी घरी बसायचे, टिकली तरी काढायची, असे चार बायका बोलल्या. त्यांचे मला नवल वाटले नाही. नवल वाटले ते माझेच. आदल्याच वर्षी स्नेहसंमेलनाच्या वक्तृत्व स्पर्धेत मी स्त्रीमुक्तीवर बोलून दुसरे बक्षीस मिळवले होते. आणि त्या सोमवारी आत्याला दारातून बाहेर पडताना पाहून माझ्याही मनात आले की, इतक्या लवकर? हा प्रश्न मी कोणाजवळ बोलले नाही. तो मनात ठेवूनच ग्रंथालयात जाऊन रंगभूमीच्या पेपरची टिपणे काढत बसले, आणि तेथे मला कमळाबाई गोखले भेटल्या.

नाव आपल्याला अपरिचित नसावे. दादासाहेब फाळके यांच्या चित्रपटात अगदी आरंभी ज्या दोन स्त्रिया पडद्यावर आल्या त्यांतली एक म्हणजे कमळाबाई. ज्येष्ठ नट चंद्रकांत गोखले यांच्या त्या आई आणि विक्रम गोखले यांच्या आजी. त्यांच्याविषयी जिथे तिथे हीच तीन वाक्ये सापडतात. मी मात्र चौथ्या वाक्यापाशी अडखळले. नवरा वारला तेव्हा कमळाबाई अवघ्या पंचवीस वर्षांच्या होत्या, पदरी दोन मुलगे होते आणि तिसरे मूल पोटात होते. लेखक हे एवढे सांगतो आणि पुढच्याच ओळीत त्यांच्या चित्रपटांकडे वळतो. मला ते जमेना.

त्यांची गोष्ट त्यांच्या आईपासून सांगायला हवी. दुर्गाबाई कामत १९०३ च्या सुमारास नवऱ्यापासून वेगळ्या झाल्या. नवरा शिक्षक होता, म्हणजे घर अडाणी होते असेही नाही. त्या काळी घरंदाज बाई नवऱ्याचे घर सोडून निघाली की तिच्यापुढे वाटा किती होत्या? माहेरची दारे बहुधा बंद. कोणाकडे धुणीभांडी, कोणाच्या घरी स्वयंपाक, नाहीतर ज्याचे नाव चारचौघांत काढू नये ते. पंडिता रमाबाईंचे शारदासदन १८८९ साली निघाले होते आणि अण्णासाहेब कर्व्यांचा आश्रम १८९६ साली, पण ती सोय अनाथ व विधवा स्त्रियांची. नवरा जिवंत असून त्याला सोडून आलेल्या बाईचे काय करायचे, हे सुधारकांनाही पुरते ठरवता आले नव्हते. दुर्गाबाईंनी चौथी वाट धरली. दोन-तीन वर्षांची पोर काखेला मारून त्या फिरत्या नाटक मंडळीत शिरल्या.

नाटकात बाईने काम करणे म्हणजे त्या वेळी काय होते, याची आज आपल्याला कल्पना येत नाही. १८८० साली अण्णासाहेब किर्लोस्करांनी शाकुंतल रंगभूमीवर आणले तेव्हापासून मराठी संगीत नाटकाचा संसार थाटात चालला होता, पण त्या संसारात बाई नव्हती. शकुंतला पुरुष, सुभद्रा पुरुष, शारदाही पुरुषच. १९०५ मध्ये बालगंधर्व किर्लोस्कर मंडळीत आले आणि पुढे तर असे झाले की, साडी कशी नेसावी, अंबाड्यात फूल कुठे माळावे हे घराघरांतल्या बायका एका पुरुषाकडे पाहून शिकू लागल्या. केवळ स्त्रियांच्या अशा नाटक मंडळ्या होत्या, नाही असे नाही. मात्र त्यांच्याकडे पाहण्याची नजर निराळी होती. प्रेक्षक खेळाला येत, टाळ्या वाजवत आणि त्या बायकांना घराच्या उंबऱ्याच्या आत मात्र घेत नसत. अशा दिवसांत दुर्गाबाईंनी आपल्या मुलीसह तोंडाला रंग लावला.

छोटी कमळा चार-पाच वर्षांची असतानाच रंगमंचावर आली. तिच्या नशिबी शाळा नव्हती. अक्षरे, पाठांतर, सूर, ताल हे सारे तिने मुक्कामामुक्कामावर उचलले. नाटक मंडळी म्हणजे चालते-बोलते बिऱ्हाडच. पडदे, पोशाखांच्या पेट्या, पायपेटी, तबले, आचारी, नटांची बायकापोरे, सगळे बरोबर. आज या गावी, महिन्याने पुढच्या गावी. आमच्या सोलापूरला १८६० सालीच रेल्वे आली आणि पुढे गिरण्या निघाल्या, तेव्हा हातात चार पैसे असलेला प्रेक्षक इथे होता आणि मंडळ्यांचे मुक्कामही पडत. माझी आजी सांगते की, तिच्या सासूबाई नाटकाला जात त्या बोळातल्या निराळ्या दाराने, बायकांच्या बाकांवर बसायला. रंगमंचावर बाई नाही, आणि प्रेक्षागृहात बाईचे दार वेगळे!

मग १९१३ साल उजाडले. फाळक्यांनी राजा हरिश्चंद्र काढला तेव्हा तारामतीच्या कामासाठी त्यांना बाई मिळेना. त्यांनी खूप शोध केला, बदनाम वस्तीतल्या बायकांपर्यंत विचारणा गेली, पण त्यांनीही नकार दिला. अखेरीस उपाहारगृहात काम करणारा अण्णा साळुंके हा तरुण तारामती झाला. त्याच वर्षी फाळक्यांनी नाशिकला मोहिनी भस्मासुर हा चित्रपट काढला आणि या वेळी त्यांना दोन स्त्रिया मिळाल्या. पार्वती झाल्या दुर्गाबाई आणि मोहिनी झाली कमळा. तेव्हा तिचे वय तेरा-चौदा वर्षांचे. आई आणि मुलगी एकाच चित्रपटात, आणि दोघीही या देशाच्या पडद्यावरच्या आद्य स्त्रिया. नाटकाने ज्यांना अजून उजळ माथ्याने आत घेतले नव्हते त्यांना सिनेमाने आधी घेतले, ही मला मोठी गमतीची गोष्ट वाटते. अर्थात सिनेमाचेही मन एका दिवसात बदलले नाही. चार वर्षांनी, १९१७ मध्ये, फाळक्यांनी लंकादहन काढला तेव्हा राम आणि सीता या दोन्ही भूमिका पुन्हा साळुंक्यांनीच केल्या!

कमळाबाईंचे लग्न झाले ते रघुनाथराव गोखले यांच्याशी. रघुनाथराव किर्लोस्कर मंडळीत स्त्रीभूमिका करणारे गायक नट होते. पुढे आवाज फुटला आणि ते पुरुषभूमिकांकडे वळले; मग त्यांच्यासमोर नायिकेच्या कामाला कमळाबाई उभ्या राहू लागल्या. या संसाराचा विचार करताना माझे मन फार वेळ एका गोष्टीवर रेंगाळते. ज्या माणसाने स्वतः कुंकू लावून, नऊवारी नेसून, पदर सावरत शेकडो लोकांसमोर बाई उभी केली, त्याच्यासमोर आता खरी बाई उभी होती आणि ती त्याची बायको होती. त्याला तिच्या कामात खोट काढता येत असेल का? की तिच्याकडे पाहून आपण केलेल्या नायिका आठवत असतील? नटनट्यांचे संसार कसे असतात याविषयी आपण पुष्कळ ऐकतो. या जोडप्याला निदान एकमेकांचे काम समजावून सांगण्याची गरज नव्हती, एवढे खरे.

चंद्रकांत यांचा जन्म १९२१ चा. त्यांच्या पाठीवर दुसरा मुलगा झाला. तालमी, खेळ, प्रवास, बाळंतपण, पुन्हा खेळ असे ते दिवस असणार. आणि मग १९२५-२६ च्या सुमारास रघुनाथराव गेले.

इथे क्षणभर थांबून त्या काळच्या विधवेचे चित्र डोळ्यांसमोर आणले पाहिजे. विधवाविवाहाचा कायदा १८५६ सालीच झाला होता, शारदा नाटक १८९९ सालचे, आगरकरांचे लेख त्याच्याही आधीचे. तरी ब्राह्मणी घरांतून केशवपन पुरते गेले नव्हते. जिथे वपन नव्हते तिथेही कुंकू पुसणे, बांगड्या उतरवणे, मंगलकार्यात पुढे न येणे हे चुकले नव्हते. घरातल्या घरात एखादी खोली, एखादा कोपरा हेच तिचे जग. आता अशा बाईचा उदरनिर्वाह नाटकावर आहे, हे लक्षात घ्या. आणि नाटकातल्या नायिका कोण? रुक्मिणी, सुभद्रा, द्रौपदी, सिंधू! कपाळभर कुंकू लावलेल्या सुवासिनी, नाहीतर बाशिंग बांधायला निघालेल्या उपवर मुली. विधवेने कुंकू लावायचे नाही, आणि नटीने कुंकवावाचून रंगमंचावर पाऊल ठेवायचे नाही. एका बाईने या दोन्ही आज्ञा पाळायच्या कशा?

हे कोडे पुरुषाला कधी पडले नाही. १९१९ मध्ये गडकऱ्यांचा एकच प्याला आला, त्यातली पतिव्रता सिंधू बालगंधर्वांनी केली. ठिगळाच्या लुगड्यातल्या त्या सिंधूसाठी महाराष्ट्र रडला. खेळ संपला की ते कुंकू पुसले जाई आणि पुसणाऱ्याला त्याचे काहीच वाटायचे कारण नव्हते. त्याच बालगंधर्वांची आणखी एक हकिकत आपण सर्वजण ऐकत आलो आहोत. १९११ साली मानापमान नाटकाचा पहिला प्रयोग होता त्याच दिवशी त्यांची लहानगी मुलगी वारली, आणि तरीही त्यांनी प्रयोग केला. ही गोष्ट सांगताना आजही सांगणाऱ्याचा ऊर भरून येतो. कलेवरील निष्ठा, मायबाप प्रेक्षकांविषयीचे कर्तव्य असे तिचे वर्णन होते, आणि ते यथार्थच आहे. माझे म्हणणे एवढेच की, तोच नियम बाईला लावताना आपली जीभ का अडखळते? दुःखात असलेला पुरुष कामावर गेला की ती निष्ठा. बाई गेली की इतक्या लवकर? हे मी गल्लीतल्या बायकांविषयी लिहीत नाही. हे मी माझ्याविषयी लिहिते आहे.

कमळाबाई थांबल्या नाहीत. थांबणे परवडणारे नव्हते, ही पहिली गोष्ट. पण केवळ पोटासाठी म्हणून सारे सांगून टाकले की गोष्ट फार सोपी होते. पोटासाठी दुसरेही काही करता आले असते. ज्या आईने नवऱ्याचे घर सोडून नाटक धरले तिची ती मुलगी होती. चौथ्या-पाचव्या वर्षापासून तिला दुसरे घरच नव्हते. आपल्या घरात मृत्यू झाला की चार भिंती असतात, त्या भिंतींच्या आत आपण दुःख करतो. जिच्या भिंती म्हणजे रंगवलेले कापडी पडदे, तिने दुःख करायला जायचे कुठे? ती पडद्यांपाशीच परत येणार.

समाचाराला येणाऱ्यांचे, पत्रे पाठवणाऱ्यांचे आभार मानण्याची रीत आपल्याकडे आहे, तशी ती सगळ्या जगात आहे. आणि कलावंतांच्या बाबतीत तर अनोळखी माणसेही दुखवट्याची पत्रे पाठवतात. या संदर्भात मला एका रशियन नटीची आठवण होते. ओल्गा क्निप्पर ही मॉस्को आर्ट थिएटरची अभिनेत्री, आंतोन चेखव या थोर लेखकाची पत्नी. चेखवला क्षय होता, त्यामुळे हवेसाठी तो दक्षिणेला याल्टात राही आणि ती नाटकांसाठी मॉस्कोत. त्यांचा तीन वर्षांचा संसार बराचसा टपालानेच झाला. १९०४ च्या जुलैत जर्मनीतल्या बाडेनवायलर या गावी चेखव गेला. त्याचा देह मॉस्कोला आणला तो ऑयस्टर नावाच्या समुद्री शिंपल्यांच्या वाहतुकीसाठी असलेल्या थंड डब्यातून. त्यावर तेव्हा पुष्कळ हळहळ झाली. सारा देश शोक करत होता. आणि ओल्गाने काय केले? त्या ऑगस्टपासून काही आठवडे ती चेखवलाच पत्रे लिहीत राहिली. जो माणूस आता कुठल्याच पत्त्यावर नव्हता त्याला ती दिवसभराच्या गोष्टी कळवत होती. सवयच तशी पडली होती. मग तीही रंगमंचावर परतली. चेखवने चेरीची बाग या नाटकात तिच्यासाठी जी भूमिका लिहिली होती ती ती पुढे अनेक दशके करत राहिली. १९५९ साली, वयाच्या नव्वदीत, ती वारली.

ओल्गाजवळ लिहिण्याची सवय होती, स्थिर घर होते, मोठे नामांकित थिएटर पाठीशी होते. कमळाबाईंजवळ यांतले काय होते? शाळेचे तोंड न पाहिलेली, मुक्कामावरून मुक्कामावर जाणारी, तिसऱ्यांदा गरोदर असलेली पंचवीस वर्षांची बाई. दोघींची तुलना करणे कदाचित योग्य नव्हे. पण मला दोघीही एकाच प्रसंगात उभ्या दिसतात. नवरा गेला आहे, तो ज्या कामात आपला सोबती होता ते काम समोर आहे आणि लोक आपल्याकडे पाहत आहेत. एकीने कागदावर लिहिले. दुसरीने तोंडाला रंग लावला.

पुढे एक विलक्षण गोष्ट घडली. कमळाबाईंनी रंगभूमीवर पुरुषभूमिकाही केल्या. ज्या घरात नवऱ्याने बायका रंगवल्या त्याच घरात त्याच्यामागे बायको पुरुष रंगवू लागली. फेटा, तुमान, तलवार, आणि पोटापाण्याची जबाबदारीही पुरुषाचीच. कुंकवाचे ते कोडे त्यांनी मनातल्या मनात कसे सोडवले असेल, यावर मी पुष्कळ विचार केला. आता मला वाटते की, त्यांनी ते कोडे मानलेच नसावे. कोडे बघणाऱ्यांचे होते. त्यांच्यापुढे प्रश्न होता तो उद्याच्या खेळाचा.

यानंतर मराठी रंगभूमीही बदलत गेली. १९३३ साली नाट्यमन्वंतर या संस्थेने आंधळ्यांची शाळा हे नाटक आणले, त्यात स्त्रियांच्या भूमिका स्त्रियांनी केल्या आणि सुशिक्षित समाजाने त्याचे कौतुक केले. ते कौतुक रास्तच होते. पण रंगभूमीवर स्त्रीचा प्रवेश असा धडा आपण शिकतो तेव्हा तो बहुधा इथून सुरू होतो, आणि त्याआधी तीस वर्षे दुर्गाबाई व कमळाबाई यांच्यासारख्या ज्या बायका आडगावच्या तंबूंत आणि पत्र्याच्या थेटरांत उभ्या राहिल्या त्यांचा उल्लेख तळटीपेत जातो. आमच्या प्राध्यापकांनी यावर माझ्याशी वाद घातला, आणि तो अजून संपलेला नाही.

मूकपट गेले, बोलपट आले. गाणे आणि शुद्ध वाणी असलेल्या नाटकातल्या माणसांना बोलपटांत मागणी आली. कमळाबाईंनी सुमारे पस्तीस चित्रपटांत कामे केली. शेवटचा चित्रपट १९८० सालचा, गहराई. पहिला १९१३ चा आणि शेवटचा १९८० चा! मधल्या काळात दोन महायुद्धे झाली, देश स्वतंत्र झाला, सिनेमा मुका होता तो बोलू लागला आणि रंगीत झाला. या साऱ्या चित्रपटांविषयी मी लिहीत बसत नाही. त्यातले बरेचसे आज पाहायलाही मिळत नाहीत.

तीन मुलांचे मात्र सांगायला हवे. थोरले चंद्रकांत बालवयातच रंगमंचावर आले आणि पुढे नाटक-चित्रपटांत सत्तर वर्षांहून अधिक काळ वावरले. लालजी आणि सूर्यकांत हे दोघे तबलावादक झाले. म्हणजे तीनही मुलगे त्याच वाटेने गेले. ज्या व्यवसायात आजी वाळीत पडल्यासारखी जगली आणि आई ऐन पंचविशीत एकटी पडली, त्या व्यवसायात मुलांनी जाऊ नये असे वाटणे स्वाभाविक होते. उलट तो व्यवसायच त्यांचा वडिलोपार्जित वाडा ठरला. चंद्रकांत गोखले यांचे २००८ साली निधन झाले. नटाची कमाई ती किती. तरी सैनिकांच्या कल्याणासाठी ते आपल्या पैशातून सतत देणगी देत असत, ही गोष्ट महाराष्ट्राला ठाऊक आहे.

नातवाविषयी एकच सांगते. १९७७ साली जयवंत दळवींचे बॅरिस्टर नाटक विजया मेहता यांनी बसवले, त्यात विक्रम गोखले यांनी बॅरिस्टरची भूमिका केली आणि ती गाजली. ते नाटक कशाचे आहे? जुन्या वाड्यातल्या विधवांचे, सोवळ्या मावशीचे, एका तरुण बाईच्या डोक्यावरून फिरणाऱ्या वस्तऱ्याचे. तो वस्तरा थांबवू पाहणारा आणि न थांबवता आल्याने खचून जाणारा माणूस विक्रम गोखले रोज रात्री उभा करत होते, आणि त्या वेळी त्यांची आजी, जिने पन्नास वर्षांपूर्वी वैधव्य पाहिले होते, हयात होती. हा योगायोग कोणी मुद्दाम जुळवून आणलेला नाही, तरी मला तो विसरता येत नाही. विक्रम गोखले २०२२ मध्ये गेले.

कमळाबाई दीर्घायुषी. शंभरीच्या उंबरठ्याला पोचून विसाव्या शतकाच्या अखेरच्या दशकात त्या वारल्या. त्याआधी काही वर्षे रीना मोहन या दिग्दर्शिकेने त्यांच्यावर कमलाबाई नावाचा माहितीपट केला आणि त्याला राष्ट्रीय पुरस्कारही मिळाला. नव्वदीकडे झुकलेली बाई कॅमेऱ्यासमोर बसून आपले आयुष्य सांगते आणि सांगता सांगता जुन्या भूमिकांत शिरते. फाळक्यांच्या हाताने चालणाऱ्या कॅमेऱ्यापुढे जी मुलगी मोहिनी होऊन नाचली, तीच पाऊणशे वर्षांनी दुसऱ्या एका बाईच्या कॅमेऱ्यापुढे होती. आधीच्या वेळी तिच्याकडून देवाची कथा हवी होती. या वेळी तिची स्वतःची.

हे सारे मी टिपणवहीत उतरवले त्या संध्याकाळी वही घेऊन आत्याकडे गेले. ती पहिलीच्या मुलांच्या पाट्या, म्हणजे आताच्या वह्या, तपासत होती. मी तिला कमळाबाईंची हकिकत सांगितली. तिने ऐकून घेतली. पोटातल्या मुलाचे पुढे काय झाले एवढेच विचारले. तबला वाजवतो असे मी म्हटले तेव्हा तिला बरे वाटलेले दिसले. त्या सोमवारी माझ्या मनात काय आले होते तेही मी तिला सांगून टाकले. तिला ते माहीत होते. माझा चेहरा काही लपवत नाही, असे तिचे म्हणणे पडले.

मग आभाराचा तो कागद निघाला. महिना होत आला होता आणि उत्तरे तशीच राहिली होती. या वेळी मजकूर तिने सांगितला आणि मी लिहिला. पत्र मिळाले, वाचून बरे वाटले, काकांची तुम्ही सांगितलेली अमुक आठवण मला माहीत नव्हती. ही आठवण प्रत्येकाच्या पत्रातली निराळी, त्यामुळे सर्वांना सारखा मजकूर चालणारच नव्हता. घरी सर्व ठीक आहे. समाचाराला यायचे मनात असेल तर अवश्य यावे, मात्र साडेपाचनंतर, कारण शाळा असते. खाली फक्त तिचे नाव.

एकूण त्रेचाळीस कार्डे झाली. माझी परीक्षा दोन दिवसांवर होती, तरी आम्ही ती एका रात्रीत संपवली. पत्ते मी लिहिले. सकाळी शाळेत जाताना आत्याने ती स्वतःच पेटीत टाकली.